नाव आणि यंत्रणा : बीड जिल्ह्यातील जीवशास्त्र-शिक्षणाच्या तीन भाषा

एखाद्या प्रदेशातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्था, माध्यम आणि पाठ्यपुस्तके ह्यांचा आढावा घेण्याची प्रथा आहे. विद्यार्थी प्रत्यक्षात स्पष्टीकरण करावयास कसा शिकला, हा प्रश्न त्या आढाव्यात क्वचितच येतो. जीवशास्त्रात तर त्याचे महत्त्व विशेष आहे. सजीवाच्या देहात घडणारी कोणतीही घटना कोणत्या घटकांच्या कोणत्या क्रियांमुळे आणि कोणत्या क्रमाने घडते, हे सांगणे म्हणजे तिची कार्ययंत्रणा उलगडणे होय. पदवीच्या विद्यार्थ्याला हे कितपत साधते, ह्यावर गेल्या काही दशकांत जगभर संशोधन झाले आहे. त्या संशोधनाचा प्रकाश बीड जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासावर टाकला असता एक गोष्ट स्पष्ट होते. येथे शिक्षणाच्या भाषेचा प्रश्न तीनदा उपस्थित झाला आणि तिन्ही वेळा चर्चा मुख्यतः संज्ञांभोवती फिरली. यंत्रणा सांगण्याच्या कौशल्याचा स्वतंत्र विचार मागे राहिला.

१९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतरासाठी 'दारुल तर्जुमा' ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी, १९१८ मध्ये, उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. आधुनिक विज्ञानांसह सर्व उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. १९२३ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय महाविद्यालय निघाल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे एक द्वार जवळ आले. तथापि बीड, गेवराई किंवा मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथून जाणाऱ्या मराठीभाषी विद्यार्थ्याच्या दृष्टीने उर्दू ही राज्यभाषा होती, घरची भाषा नव्हती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उच्च शिक्षणात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली. बीड शहरातील बलभीम महाविद्यालयाचा आरंभ ह्याच काळातला. विज्ञान शाखेच्या पदवीचे माध्यम प्रायः इंग्रजीच राहिले. परंतु मराठी ज्ञानभाषा व्हावी ही आकांक्षा आता शासकीय धोरणाचा भाग बनली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. त्यांत जीवशास्त्राचाही समावेश आहे.

ह्या कार्याचे मोल मोठे आहे, ह्यात शंका नाही. पण संज्ञा काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हेही पाहिले पाहिजे. वनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवितात, त्या क्रियेला उर्दूत 'झियाई तालीफ' आणि मराठीत 'प्रकाशसंश्लेषण' म्हणतात. इंग्रजी संज्ञेप्रमाणेच ह्या दोन्ही संज्ञांत प्रकाश आणि जुळणी ह्या दोन कल्पना आहेत. पण प्रकाशाची ऊर्जा हरितद्रव्य कसे ग्रहण करते, पाण्याच्या रेणूचे विघटन होऊन प्राणवायू कसा मुक्त होतो आणि कर्बाम्ल वायूपासून शर्करा कोणत्या टप्प्यांनी तयार होते, हे तिन्ही भाषांतील नावे सांगत नाहीत. नाव बदलले म्हणून विद्यार्थ्याचे स्पष्टीकरण आपोआप बदलत नाही; नाव पाठ झाले की स्पष्टीकरण आले असा समज मात्र तिन्ही भाषांत सारख्याच सुलभतेने होऊ शकतो.

ज्या काळात महाराष्ट्रात परिभाषेचे कार्य सुरू होत होते, त्याच सुमारास जीवशास्त्रीय स्पष्टीकरणाचा एक मूलभूत भेद मांडला गेला. १९६१ मध्ये अर्न्स्ट मायर ह्यांनी जीवशास्त्रातील 'कसे' आणि 'का' हे प्रश्न वेगळे केले. पहिल्याचे उत्तर देहातील निकटच्या कारणांत, तर दुसऱ्याचे उत्क्रांतीच्या इतिहासात शोधावे लागते. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा भेद सूक्ष्म आहे. कारण आपल्या भाषेतील 'का' कारणही विचारतो आणि हेतूही. 'पाने हिरवी का?' ह्याचे उत्तर 'हरितद्रव्य असते म्हणून' असेही येते आणि 'अन्न तयार करण्यासाठी' असेही. व्याकरणदृष्ट्या दोन्ही निर्दोष, परंतु शास्त्रदृष्ट्या ती दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे आहेत.

हा दोष एका भाषेचा नाही. २००१ मध्ये एलेनोर एब्रॅम्स, शेरी सदरलँड आणि त्यांच्या सहकारी ह्यांनी अमेरिकी शालेय विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखविले की, 'कसे' असे विचारले असताही अर्थ आणि हेतू ह्यांच्या शोधात भौतिक यंत्रणा दुर्लक्षित राहते. जॉन कोली व किंबर्ली टॅनर ह्यांनी २०१२ व २०१५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात विचारांची तीन स्वाभाविक वळणे वर्णिली: प्रत्येक गोष्टीत हेतू पाहणे, जातीचे अविकारी सार कल्पिणे आणि मनुष्याच्या मापाने इतर सजीव मोजणे. जीवशास्त्र मुख्य विषय घेतलेल्यांतही ती आढळली. २०१५ मध्ये कॅलेब ट्रुहियो, ट्रेव्हर अँडरसन आणि नॅन्सी पेलाएझ ह्यांनी तज्ज्ञ जीवशास्त्रज्ञ यंत्रणा कशी समजावून देतात ह्याचा अभ्यास करून चार अंगे निश्चित केली: ज्या पद्धतींनी ज्ञान मिळाले त्या पद्धती, समजावण्यासाठी योजिलेली उपमा, घटनेचा संदर्भ आणि ती घटना 'कशी' घडते त्याचे वर्णन. पुढील वर्षी पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची स्पष्टीकरणे तपासावीत म्हणून हेच साधन त्यांच्या हाती देऊन पाहण्यात आले.

ही चार अंगे बीडच्या मातीत पारखून पाहण्यास कापसाहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये, आणि दोन जनुके असलेल्या वाणाला २००६ मध्ये परवानगी मिळाली. २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात, मराठवाड्यासह, मोठे नुकसान केले. ह्या घटनेचे प्रचलित स्पष्टीकरण 'अळीला बीटीची सवय झाली' किंवा 'अळीने प्रतिकारशक्ती निर्माण केली' असे एका वाक्यात दिले जाते. त्या वाक्यात अळी कर्ता आहे, तिला हेतू आहे; यंत्रणा मात्र नाही.

यंत्रणा अशी आहे. अळीने खाल्लेले बीटी प्रथिन तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळते. पाचक विकरे ते कापून क्रियाशील करतात. ते आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना चिकटते, पेशीपटलास छिद्रे पडतात, पेशी फुटतात आणि अळी मरते. हजारो अळ्यांत एखादीच अशी असते की जनुकातील बदलामुळे तिच्या ग्राहीची घडण निराळी असते. प्रथिन तेथे चिकटत नाही आणि ती जगते. कोणतीही एक अळी 'सरावत' नाही. पिढ्यांगणिक तगणाऱ्यांचे प्रमाण वाढते. कुलूप आणि किल्ली ही उपमा येथे उपयोगी पडते. पण कुलूप स्वतः किल्लीला ओळखून बदलते असे समजले, की तीच उपमा दिशाभूल करते.

संदर्भाचे अंग तर शेतातच आहे. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. त्याच्या ओळी लावल्या तर तेथे वाढलेले संवेदनक्षम पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकाराचा प्रसार मंदावेल, ही त्यामागील योजना. त्या ओळी अनेक ठिकाणी लावल्या गेल्या नाहीत. शेंदरी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते, त्यामुळे तिला अन्य पिकांचा आश्रय नव्हता. शिवाय फरदड ठेवल्याने तिला हंगामानंतरही अन्न मिळत राहिले. ज्याला ही साखळी सांगता येते, त्याला फरदड का मोडावी आणि डोमकळी दिसताच ती का तोडून नष्ट करावी, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी अशाच कोरडवाहू शेतकरी कुटुंबांतून येतात. शाळेत मराठी, पदवीला इंग्रजी आणि घरी बोली, असा त्यांचा भाषाप्रवास असतो. तेव्हा संशोधनाला योग्य असा एक नेमका प्रश्न येथे उभा राहतो. एकाच विद्यार्थ्याला एकाच घटनेचे स्पष्टीकरण मराठीत आणि इंग्रजीत द्यावयास सांगितले, तर चार अंगांपैकी कोणती अंगे कोणत्या भाषेत गळतात? मराठीत क्रम अधिक स्पष्ट होऊन संज्ञा विरळ होतात की काय, आणि इंग्रजीत संज्ञा दाट असून क्रम हरवतो की काय, हे अनुमानाने ठरविण्याजोगे नाही. ते लेखी उत्तरे आणि आकृत्या तपासूनच कळेल.

उर्दू, इंग्रजी आणि मराठी ह्या तीन भाषांच्या संदर्भात बीडच्या उच्च शिक्षणाने माध्यमाचा प्रश्न अनुभवला आहे. परिभाषा कोशांनी त्यातील एक गरज पुष्कळ अंशी भागविली. उत्तरपत्रिकेत 'नाव सांगा' ह्या प्रश्नापेक्षा 'कसे घडते ते क्रमाने सांगा' ह्या प्रश्नाला अधिक गुण देणे ही पुढची गरज आहे, आणि तिची पूर्तता कोणत्याही एका भाषेवर अवलंबून नाही.