गावाची खोली, एका नावाची पावती

आमच्या पोलादपूरकडच्या घरात माळ्यावर वडिलांची पत्र्याची पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि गावाचे नाव. आत गिरणीचा पास, दोन-चार पत्रे आणि मनीऑर्डरीच्या पावत्यांची जुडी. भाड्याची पावती मात्र एकही नाही. वडील जवळजवळ तीस वर्षे गिरणगावातल्या एकाच खोलीत राहिले, पण त्या खोलीच्या पावतीवर त्यांचे नाव कधीच चढले नाही. ती खोली 'गावाची' होती. ही 'गावाची खोली' म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी गेली काही वर्षे सवड मिळेल तसा मी महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून जुन्या चाकरमान्यांशी बोलत आलो आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली ताडदेवला उभी राहू लागली. आमच्याकडे भातशेती एका पावसाची, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि उरलेले आठ महिने हाताला काम नाही. त्यामुळे सावित्रीच्या खाडीतून दासगाव-बाणकोट मार्गे आणि पुढे एसटीने माणूस मुंबईला जात राहिला. तिथे कामाआधी लागे ती पाठ टेकायला जागा. नवा माणूस गिरणीत प्रथम बदली कामगार म्हणून लागे. रोज पाळीच्या वेळी फाटकावर उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत. म्हणून गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणे भाग होते. कामावर घेणारा जॉबरच पुष्कळदा खोलीही दाखवी, आणि मग माणूस दोन्हीकडून त्याच्या हातात सापडे.

त्यावर गावांनी काढलेला तोडगा म्हणजे गावाची खोली. एखाद्याच्या नावे चाळीत खोली घ्यायची, भाडे सगळ्यांनी वाटून भरायचे. १९२१-२२ च्या कामगार कुटुंबांच्या सरकारी पाहणीत ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोलीही १६० चौरस फुटांचीच. एवढ्या जागेत पंधरा-वीस माणसे राहत, असे मला अनेकांनी सांगितले. हे जमे ते पाळ्यांमुळे. सात ते साडेतीनवाला परतला की साडेतीन ते बारावाला निघालेला असे. रात्रपाळीवाला सकाळी येऊन त्याच वळकटीवर आडवा होई. भिंतीशी पेट्यांची उतरंड, दोरीवर कपडे, जेवण खाणावळीत. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत नाही तर फुटपाथवर झोपत.

खोलीला कायदे होते, पण ते लिहिलेले नव्हते. नव्या पोराला काम लागेपर्यंत भाडे माफ. पहिल्या पगारातून गावच्या देवळाचा वाटा. आजारी माणसाला गावी पोचवायचे काम खोलीचे. शिमग्याला कोण जाणार आणि गणपतीला कोण, हेही तिथेच ठरे. आजची 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' बरीचशी याच खोल्यांतून उभी राहिली. गावी बायका शेत सांभाळत, मनीऑर्डरीची वाट पाहत. खोलीत त्यांना जागा नव्हती. पण खोलीतल्या पुरुषांची पोटे गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनीच भरली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले ते त्यांनाच.

इथवर ऐकून ही व्यवस्था फार सुंदर वाटते, आणि मलाही बरीच वर्षे तशीच वाटत होती. एकदा महाडजवळच्या एका वस्तीत एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, "आबा, तुम्ही गावाच्या खोलीत किती वर्षं होतात?" ते म्हणाले, "गावाची खोली तुमची रे बाबा. आमची वेगळी." तेव्हा माझ्या लक्षात आले की 'गाव' या शब्दाने मी अर्धाच गाव मोजत होतो. गावकीत ज्याला पान नव्हते, त्याला तिच्या खोलीतही पथारी नव्हती. महारवाड्यातली माणसे आपापल्या नातलगांकडे, वेगळ्या चाळींत उतरत. डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात भाड्याने जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी विश्रामगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत मात्र परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचे कुटुंब बरीच वर्षे राहिले. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद घडवण्यात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडजवळच्या लाडवलीचे. मुंबईतल्या वस्त्या आणि महाडची खेडी यांच्यात येणेजाणे नसते, तर चवदार तळ्यावर एवढी माणसे जमली नसती. म्हणजे दाराबाहेर ठेवलेल्यांनी स्वतःच्या खोल्या उभ्या केल्या, आणि त्यांतून इतिहास घडवला.

दुसरा प्रश्न पावतीचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पावती हीच दौलत झाली. भाडेकरू वारला तर हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. कायद्याला कुटुंब दिसे, गावकी दिसत नसे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. पण वळकटीपुरती जागा वापरणाऱ्याकडे दाखवायला कागद कुठला? गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव, माझगाव भागांत 'कूड' स्थापन केले, तेही याच गरजेतून. तिथेही पेट्या, सामाईक झोपणे, शिवाय संध्याकाळची प्रार्थना. पण कूड गावाच्या नावाने चाले, त्याला सभासद होते, हिशेब होता. त्यांतले बरेच आजही उभे आहेत. आमचा विश्वास माणसावर होता, आणि तो माणूस मरणार हे कुणी धरले नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत वडीलही होते. भाडे वाटून भरणारेच उरले नाहीत. पुढे १९८९ साली मी वळकटी घेऊन त्या खोलीच्या दारात गेलो. पावतीवाले काका वारले होते. त्यांच्या मुलाने पाणी दिले, चहा दिला आणि म्हणाला, "आता ही घरची खोली आहे, भाऊ." मी दोन रात्री गॅलरीत काढून निघालो. बरीच वर्षे मनात राग होता. आता तेवढा नाही. संपानंतरची सगळी वर्षे एकट्याने भाडे भरले ते त्याच्याच घराने. मात्र त्याआधीची तीस वर्षे वीस जणांनी भरले, हेही तितकेच खरे.

आज बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि १६० चौरस फुटांच्या बदल्यात भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. ते मिळायलाच हवे. पण पात्रता ठरते ती कागदावर, आणि तिथे वळकटीवाल्यांचा रकाना नाही. पोलादपूरहून आज मुंबईला जाणारा मुलगा अनामत रक्कम जमवतो, अकरा महिन्यांचा करार करतो आणि तीन अनोळखी मुलांबरोबर नालासोपाऱ्याला राहतो. त्याच्या करारावर त्याचे नाव असते, जे वडिलांना कधी मिळाले नाही. पण काम लागेपर्यंत भाडे माफ करणारे त्याला कुणी नाही.

वडिलांची पेटी मी माळ्यावरून खाली आणून ठेवली आहे. त्या मनीऑर्डरीच्या पावत्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून त्यांनी दर वेळी तोच चाळीचा आणि खोलीचा क्रमांक लिहिला आहे. त्या खोलीत ते राहत होते याचा आमच्याकडे एवढाच कागद आहे.