आपल्या दिंडीच्या फलकाचा इतिहास

शंभर वर्षांत विणेकरी कोण कोण झाले, मुक्काम कुठे पडत, पंगती कोणी दिल्या, हे या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. आमच्या वाट्याला फलक आला. आमची शाळा चौथीपर्यंत. पण शाळेत जाण्याआधी आम्ही अक्षरं ओळखली ती वडिलांच्या खांद्यावर बसून, या फलकावरच. म्हणून हे काम आम्ही पत्करलं.

पहिला फलक म्हणजे फलक नव्हताच. जुनी माणसं सांगत, मांजरपाटाचं कापड, त्याला चिंचोक्याची खळ, आणि वर तेलात खललेल्या काजळीनं काढलेली अक्षरं. वर पांडुरंगाचं नाव, खाली गावाचं. दिंडीत वाचता येणारे दोघं-तिघं. बाकीची मंडळी अक्षरांचा नुसता आकार ओळखून गर्दीतून आपल्या दिंडीत परत येत. पाऊस लागला की काजळी पसरायची. मग पत्र्याचा फलक आला, पांढरी जमीन, तांबडी अक्षरं. तो रंगवला आमच्या पेंटरआबांनी. 

आबांचं काम बघत बसावं असं. सुताला खडू चोळायचा, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधे उचलून सोडलं की पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. सूत धरायला आम्ही. आबा म्हणत, "इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, आपलं वरच्या रेघेला टांगलेलं असतं. वरची रेघ चुकली की सगळंच पडलं." हात हलू नये म्हणून काठीवर मनगट टेकवून एका दमात काना ओढायचे.

दिंडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे. सागवानी फळी करायची आणि अक्षरं सोन्याच्या वर्खाची, असं ठरलं. घरटी वर्गणी निघाली. बायकांनी धान्य विकून पैसे दिले. रात्री पारावर वाद पेटला. वर्ख करताना सोन्याचे तुकडे कातड्याच्या पानांत घालून हातोडीनं ठोकतात, मग तो माळकऱ्याला चालतो का? एक म्हातारे म्हणाले, "पखवाजाला काय कापड लावलंय?" तेव्हा कुठे वाद मिटला. कातड्यावर आपण पहाटेपर्यंत बोललो. सोनं खरं कसं ओळखायचं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

वर्ख आणायला शहरात गेले आमचे सख्खे चुलते. आबांनी फळी घासली, रंगाचे हात दिले, उकळलेल्या जवसाच्या तेलानं अक्षरं काढून रात्रभर ठेवली. तेल वाळताही कामा नये आणि ओलंही राहता कामा नये. बोटाचं पेर टेकवलं तर नुसतं चिकटल्यासारखं वाटावं, तेव्हा वर्ख बसतो. सकाळी पुडकं आमच्यासमोर फोडलं. आबांनी एक पान चिमटीत उचललं. ते अख्खं उचललं गेलं. आबा थांबले. म्हणाले, "दादा, हे सोनं नव्हे. सोन्याचा वर्ख बोटाला लागला की विरतो, श्वासानं उडतो. ही पितळेची बेगड आहे. यापेक्षा पिवळा तेलरंग लावू. तो मी सोनं आहे असं तरी म्हणणार नाही." चुलते म्हणाले, "उद्या दिंडी निघायची, गावाला काय सांगू? लावा."

आबांनी लावलं. त्या वारीत फलक काय झळकला! तिसऱ्या आषाढीपर्यंत अक्षरं काळी-हिरवी पडली. पितळेत तांबं असतं, ते पावसापाण्यानं काळवंडणारच. पण गावात बोलणं झालं की पेंटरानं सोनं बदललं. चुलते गप्प राहिले. आम्हीही गप्प राहिलो. आबा भांडले नाहीत. पुढल्या वर्षापासून ते आपल्या दिंडीत आले नाहीत, दुसऱ्या दिंडीत मागे चालत.

पुढे आम्ही कीर्तनाला उभे राहू लागलो. एकदा रामेश्वरच्या यात्रेत तंजावरला उतरलो. तिथे भोसले घराण्याचं राज्य 1855 पर्यंत होतं. मोठ्या शिवमंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय. इतक्या लांब आपली अक्षरं दगडावर बघून आम्ही हरखलो. मग तिथली जुनी चित्रं पाहिली. फणसाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूची पूड नि डिंक घालून उठाव केलेला, आणि त्या उठावावर सोन्याचा पत्रा. बाळकृष्णाचे दागिने कालच घडवल्यासारखे. राज्य गेलं, राजे गेले, सोनं काळं पडलं नव्हतं. बाकीची मंडळी हात जोडून उभी होती. आम्हाला मात्र आबांचं चिमटीतलं पान दिसत होतं. व्यासपीठावरून खरं बोला म्हणून सांगणारे आम्ही, आणि खरं पाहून गप्प बसलेलेही आम्हीच.

गावी येऊन आबांकडे गेलो. ते थकले होते. आम्ही पाया पडून सगळं बोललो. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही पोर होता तेव्हा." एवढंच. पण त्यानंतरही चारचौघांत सांगायला आमचा धीर झाला नाही. चुलते हयात होते. आता दोघंही नाहीत. म्हणून या अंकात लिहून ठेवतो: सोनं पेंटरआबांनी बदललं नाही. आलेलंच पितळ होतं. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं.

एक ग्रॅम सोनं ठोकून पाच चौरस फूट वर्ख होतो, इतका तो पातळ. तेवढंही सोनं आम्ही यंदा मागितलं नाही. काही मंडळींनी फ्लेक्स सुचवला, स्वस्त आहे, एका दिवसात होतो. आम्ही आबांच्या मुलाला बोलावलं. जुनीच सागवानी फळी, घासून, पुन्हा रंगाचे हात देऊन. सूत धरायला आम्ही बसलो, या वयात. अक्षरं पिवळ्या तेलरंगाची. आबांचं नाव छापू नका असं घरच्यांचं म्हणणं, ते आम्ही पाळलंय. फळीच्या मागच्या अंगाला मात्र ते नाव लिहून घेतलंय.

वाखरीच्या तळावर पिवळी अक्षरं दिसली तर जवळ या, आणि फळीमागं जाऊन एकदा हात जोडा. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.