१२. बंध
ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या ‘अटॅचमेंट’ या कल्पनेसाठी लेखकाने योजलेला शब्द. त्याच नावाचा त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६९चा. भेदरलेलं मूल कुणाकडे धावतं आणि ते माणूस हाती लागतं का, यावर पुढची बरीच वागणूक बेतते. उदाहरणार्थ ऊर्जानगर, चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. तिथे रात्रपाळीहून परतलेला माणूस घरात चकार शब्द न काढता खर्र्याची पन्नी उघडतो (खर्रा म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगावं लागतं). अशा वेळी समुपदेशक आधी विचारतो : जीव घाबरला की लहानपणी कुणाजवळ जायचात? काही काळ तो स्वतःच तसा भरवशाचा माणूस होतो. यासाठी लेखकाने वापरलेला ‘मायेचा उपचार’ हा शब्द मात्र सैल वाटतो. निकोटीनच्या तलफेवर वेगळे उपचार लागतातच.