थंडीचा बहार, तहानेचा बहार

संत्रानगरी म्हणून आपण नागपूरकर मिरवतो. पण संत्रे इथले मूळचे नव्हे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते औरंगाबादेहून आणविले, असे सांगतात. मला मात्र राजापेक्षा बागायतदारांचे कौतुक अधिक वाटते. झाड लावले की फुलते, असे संत्र्याचे नसते. सारखी पालवी फुटत राहिली, तर फूल धरत नाही. वाढ थांबावी लागते.

डिसेंबर-जानेवारीतली थंडी ते काम करते. पानांमधले फुलण्याचा निरोप देणारे जनुक थंडीत जागे होते, हे विज्ञानाला एकविसाव्या शतकात कळले. फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या सुमारास, झाड पांढरे होते. हा आंबिया बहार.

पण पुढे उन्हाळाभर फळ पोसायला पाणी हवे. ते नसेल त्याने काय करावे? इथल्या शेतकऱ्याने थंडीऐवजी तहान वापरली. एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून बाग ताणावर सोडायची; मृगाचा पाऊस पडला की ती फुलते. मात्र पाऊस लांबला, की मृग बहार हुकलाच. म्हणून कोणता बहार धरायचा, हे काटोल-वरुडचा बागायतदार आधी विहिरीत डोकावून ठरवतो.