कानस आणि दोनशे गुण

निजामी अमदानीत औरंगाबादेत हुन्नर आणि विद्या यांची बिऱ्हाडे निरनिराळी होती. हिमरूचा माग व कागजीपुऱ्यातील हातकागदाचा हौद यांची तालीम बापाकडून लेकाला घरातच मिळे, तर मदरशात जाणाऱ्या मुलाची दृष्टी उर्दूच्या बळावर सरकारी दफ्तरातील एखादी जागा पटकावण्याकडे लागलेली असे. 1948 साली संस्थान खालसा झाले, 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी ही वाटणी लोकांच्या मनातून सहजासहजी गेली नाही.

राज्यात ज्या शासकीय तांत्रिक माध्यमिक शाळा व केंद्रे चालत, त्यांत आठवी ते दहावीच्या मुलांना पुस्तकी विषयांबरोबर कार्यशाळेत उभे केले जाई. लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये आवळावा, कानशीने घासावा, गुण्या लावून उजेडाकडे धरावा आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासावा, असा तो क्रम. त्यात जो धीर लागतो तो कोणत्याही परीक्षेच्या तयारीत लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये जोडारी, कातारी, संधाता यांपैकी एखादा व्यवसाय घ्यावा आणि 1961 च्या कायद्यान्वये कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल व्हावे, ही पुढची वाट होती.

1985 मध्ये शहराजवळ वाळूजच्या माळावर बजाज ऑटोचा दुचाकींचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांच्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली, तेव्हा या वाटेचे महत्त्व मराठवाड्यातील खेडोपाडीच्या शेतकरी कुटुंबांना प्रथमच प्रत्यक्ष दिसले. 2001 साली शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारीही तयार होऊ लागल्या.

बारावीला दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येणाऱ्या द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमात तर स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती हा दोनशे गुणांचा रीतसर विषय होता. दुचाकीच्या या शहराला याहून सोयीचे काय असणार! पण घडले विपरीत. ज्या विषयाने कारखान्याचे दार उघडायचे, तो भाषेची कटकट टाळून टक्केवारी फुगवणारा आणि इंजिनिअरिंगचा मार्ग सुकर करणारा विषय म्हणूनच पुष्कळांनी निवडला, आणि हातांना काळे लावण्याचे काम दहावीत कमी गुण मिळालेल्यांच्या वाट्याला गेले. दोष मुलांचा नव्हे. जुन्या दफ्तराची प्रतिष्ठा आता पदवीला आली होती, इतकेच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा पुन्हा पुरस्कार केला आहे. शिक्षणखात्याने या वेळी तरी गुण गुण्याखालच्या तुकड्याला द्यावेत, प्रयोगवहीच्या सुबक अक्षराला नव्हे.