बाळ ओढत नाही

नगर जिल्ह्याच्या दुष्काळी दक्षिण पट्ट्यात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असायची आणि बाळाच्या उशाशी विळा. शेगडीत ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली पडत आणि खोली धुराने भरून जाई. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा व्हायची, शेजारी कोरा कागद नि लेखणी ठेवली जायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून दिवा विझू द्यायचा नाही. घरातल्या बायका आळीपाळीने जागायच्या.

बाळ किरकिरं निघालं, पाजायला घेतलं की तोंड फिरवू लागलं, रात्ररात्र झोपेना, तर उपायांना तोटा नव्हता. आधी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. मग बाळघुटीची सहाण यायची. तिच्यावर आईच्या दुधाचे चार थेंब टाकून हिरडा, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, अतिविष, जायफळ, बदाम असं एकेक उगाळायचं. माप वळशांचं. कशाचे दोन वळसे, कशाचा एकच, आणि जायफळाचा तर अर्धासुद्धा जपून, कारण त्याने गुंगी येते. मुरडशेंग पोटातल्या मुरड्यावर, कारण ती शेंगच पीळ घातल्यासारखी दिसते. हे तर्कशास्त्र आज हसण्यावारी नेता येईल, पण हात राखून वळसे मोजणारी आजी औषधाच्या मात्रेबद्दल बेफिकीर नव्हती, एवढं मान्य करायला हवं. घोटाळा होता तो सहाणेच्या स्वच्छतेचा आणि उगाळायला घेतलेल्या पाण्याचा.

त्याहून मोठा घोटाळा पहिल्या तीन दिवसांतच होऊन बसायचा. आईचं पहिलं पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस घरोघर आवडीने खाल्ला जाई, पण बाईचा चीक मात्र बाळाला बाधतो अशी समजूत असल्याने तो पिळून टाकला जाई. तोवर बाळाला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी नाहीतर मध. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ छातीशी लावावं, तर तोपर्यंत आईची छाती दुधाने दगडासारखी ताठलेली, आणि बोळा चोखून सवयलेल्या बाळाला नीट धरता येत नाही. ते रडतं, थकतं, झोपतं, पुन्हा भुकेनं उठतं. आई कळवळते. ‘बाळ ओढत नाही’ असं सासू सांगते आणि पुन्हा मीठ-मोहऱ्या येतात.

गरिबाघरच्या बाईला एवढी उस्तवारही परवडत नसे. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याबरोबर नगर जिल्ह्यातूनही माणसं गेली होती. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने एका महिला डॉक्टरकडून गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी करून घेतली. तेव्हा तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देणं हा तिथला जवळपास सार्वत्रिक प्रघात असल्याचं आढळलं. आई पाळीवर गेली की मूल दिवसभर निपचित. झोपेचा प्रश्न त्या गोळीने सोडवला खरा, पण अफूच्या अमलात बाळाला भूकच लागत नाही. साहेबांच्या घरी तरी वेगळं काय होतं? 1851 साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला निघालेल्या वुडवर्डच्या ग्राइप वॉटरमध्ये मूळच्या कृतीप्रमाणे चक्क अल्कोहोल असायचं.

पण ‘ओढत नाही’ या तक्रारीचं खरं भेसूर रूप वेगळंच होतं. चांगलं पिणारं बाळ तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी अचानक प्यायचं थांबायचं. जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं, जरा स्पर्श झाला की झटके. हा नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ कापायला घरातला विळा, कुठे दगड किंवा बांबूची काप, आणि वर राख नाहीतर शेण. जंतू तिथून शिरायचे, आणि लक्षणं उमटायची ती साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसात, म्हणजे ऐन सटवाईच्या वेळेला. गावाने त्या बाळाचं मरण देवीच्या नावावर लिहिलं यात नवल नाही. जागरण अगदी नेमक्या रात्री होत होतं, पहारा मात्र चुकीच्या दाराशी होता. राखणीला उशाशी ठेवलेल्या विळ्याकडे कुणी संशयाने पाहिलंच नव्हतं.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले हे दोघे त्याआधी याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करून अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. जामखेड म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या चोंडीचा तालुका. पाऊस बेभरवशाचा, शेती ज्वारी-बाजरीची. त्यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत ठेवल्या. ते जमलं नाही. तरण्या, परगावच्या मुलीचं बाळंतिणीच्या खोलीत कोण ऐकणार? तेव्हा गावानेच निवडलेल्या बायका घ्यायचं ठरलं. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, स्वतःची बाळंतपणं केलेल्या, काहींची मुलंही गेलेली. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावात बोलत.

काय बोलायचं, हे त्यांना नर्सबाईंपेक्षा बरं कळत होतं. नाळेसाठी उकळलेलं पातं आणि दोरा, गरोदरपणी धनुर्वाताची इंजेक्शनं, जखमेवर काही लावायचं नाही, आणि चीक फेकायचा नाही. वासराला पहिला चीक पाजला नाही तर ते तग धरत नाही, हे कोणत्या शेतकऱ्याला सांगावं लागतं? असल्या घरच्या दाखल्यावर सासू गप्प होते, डॉक्टरच्या भाषणावर नाही. धुरी कमी करा म्हटलं, तरी बाळाला उबेत ठेवायची रीत चांगलीच होती आणि तेलाचं मालीशही. सगळंच मोडीत काढलं नाही, म्हणून बाकीचं ऐकलं गेलं असावं.

1976 पर्यंत तो 176 चा आकडा 52 वर आला. त्यात लसी होत्या, सकस आहार होता, 1972 च्या दुष्काळात चाललेली अन्नछत्रं नि विंधनविहिरींचं पाणीही होतं. एकट्या चिकाला श्रेय देणं बरोबर नाही. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढचा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ केलं आणि रडक्या बाळापेक्षा गप्प पडलेल्या बाळाची धास्ती घ्यायला शिकवलं. दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, तर तो जंतुसंसर्ग समजायचा आणि उपचार सुरू करायचे. त्याचा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून तीच रीत देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या कामात आली. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं.

आता दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. ती बाळ उघडून पाहते, वजन लिहिते, पाजताना ते कसं धरलंय ते तपासते. बाळघुटीही संपलेली नाही, आता ती पुडीत आणि बाटलीत मिळते.

अडचण दसऱ्यानंतर सुरू होते. जामखेड-पाथर्डीकडची कोयत्याची जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या टापूत निघून जातात, ओली बाळंतीणही कधी त्यांच्याबरोबर. पहाटे फडावर निघायचं, झोळी झाडाला किंवा गाडीला बांधायची, पाजायचं ते मोळ्या बांधण्याच्या मधल्या वेळात. नाव एका गावच्या रजिस्टरात, मूल दुसऱ्याच तालुक्यातल्या कोपीत. तिथे रात्री बाळ ओढेनासं झालं, तर दार ठोठावायला ओळखीची आशाताई नसते, आणि मुकादमाची उचल फिटायची असल्यामुळे सकाळी कोयता टाकून दवाखाना गाठणंही सोपं नसतं.