मिठाकडे जाणारें पाणी

सुरत–भुसावळ लोहमार्गावर शिंदखेडें तालुक्यांत नरडाणा हें गांव आहे. अशा खानदेशी गांवीं उन्हाळ्यांत कैरी चिरून मीठ लावून ठेविली, कीं थोड्याच वेळांत फोडींना पाणी सुटतें. पावसाळ्यांत कपाशीच्या बुडाशीं खत वाजवीपेक्षां अधिक पडलें, तर जमिनींत ओल असूनही रोप करपतें. ह्या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. पेशीच्या पातळ पडद्यांतून पाणी जातें, पण मीठ सहजासहजीं जात नाहीं; आणि ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडे पाणी ओढलें जातें. ह्यास परासरण म्हणतात.

ही क्रिया घरोघरच्या बायकांच्या हातांस ठाऊक होती. शास्त्रास मात्र ती क्रमाक्रमानें उमगली. इ. स. १७४८ सालीं फ्रान्सचे आबे नोले ह्यांनीं मद्यार्कानें भरलेल्या कुपीस डुकराच्या मूत्राशयाचें कातडें बांधून ती पाण्यांत बुडविली. पाणी आंत शिरलें आणि कातडें फुगून वर आलें. सुमारें ऐंशीं वर्षांनीं द्युत्रोशे ह्यांनीं ह्या क्रियेचा संबंध सजीवांच्या पेशींशीं जोडिला. १८७७ सालीं जर्मनीचे फेफर ह्यांनीं सच्छिद्र मातीच्या भांड्यांत कृत्रिम पडदा बसवून तिच्या दाबाचीं मापें प्रसिद्ध केलीं. त्यांवरून हॉलंडचे व्हांट हॉफ ह्यांनीं नियम बसविला. रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं त्यांसच मिळालें.

तथापि ह्या ज्ञानाची खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेर लागली. १९७१ सालीं बंगालच्या सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी तोंडानें देवविलें. साखरेच्या सोबतीनें मीठ आंतड्याच्या पेशींत शिरतें आणि त्यांच्यामागून पाणी जातें. शेंकडा ३० च्या घरांतील मृत्यूंचें प्रमाण ४ च्या खालीं आलें. पाण्याचें पेशींतील खास दार तर पीटर अ‍ॅग्रे ह्यांनीं त्यानंतर, १९९२ च्या सुमारास, ओळखिलें.

आमच्या मतें ह्या इतिहासाचें सार 'प्रमाण' ह्या एका शब्दांत आहे. जुलाब लागलेल्या मुलास देण्याच्या पाण्यांत मीठ अधिक झालें, तर तेंच पाणी कैरीच्या फोडीप्रमाणें त्याच्या शरीरांतील ओल बाहेर ओढूं लागतें. वांचविणारें मीठ आणि सुकविणारें मीठ ह्यांत अंतर आहे तें केवळ मापाचें.